पाणी अडवणारा नव्हे, पाणी सोडणारा जोडा

जूनच्या पहिल्या सरी पडल्या की पादत्राणांच्या दुकानांत एक शब्द ठळक होतो : ‘वॉटरप्रूफ’. ग्राहकही तेच विचारतो. पाणी आत येणार नाही ना, एवढी खात्री झाली की पैसे मोजले जातात. रस्त्यावरची डबकी चुकवत कार्यालय गाठणाऱ्याला तेवढे पुरतेही. पण ज्याला दिवसातून दहा वेळा गुडघाभर पाण्यात उतरायचे आहे आणि सलग पाच-सहा दिवस तेच करायचे आहे, त्याची हा शब्द फसवणूक करतो. अशा वेळी पाणी जोड्याच्या तळातून येतच नाही. ते वरच्या तोंडातून आत शिरते. आणि जो जोडा पाणी आत येऊ देत नाही, तो आत शिरलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही.

या साध्या गोष्टीची पुरती परीक्षा होते ती कॅनूच्या लांब सफरींत. कॅनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्याने चालवायची हलकी, उघडी होडी. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून ‘बाउंड्री वॉटर्स’ हे संरक्षित अरण्य आहे. दहा लाख एकरांहून मोठ्या या प्रदेशात हजाराहून अधिक तळी आणि सुमारे १,९०० किलोमीटरचे होडीमार्ग आहेत. बहुतांश भागात मोटरबोटींना मनाई आहे. सीमेपलीकडे कॅनडातील क्वेटिको आणि अल्गाँक्विन ही उद्याने अशाच सफरींसाठी ओळखली जातात. त्या देशांत स्थायिक झालेल्या आणि उन्हाळी सुटीत तंबू घेऊन निघणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा प्रवास आता अनोळखी राहिलेला नाही. पण इथल्या वाचकाने त्याकडे पाहावे ते पर्यटनासाठी नव्हे; ओल्या पायांचे आरोग्य कसे राखावे, याचे धडे तिथे चांगले मिळतात म्हणून.

होडीत बसून जायचे तर पाय ओले का व्हावेत? कारण ही तळी एकमेकांना सलग जोडलेली नाहीत. एका तळ्याचा काठ आला की सामान उतरवायचे, होडी उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि दगडधोंड्यांच्या, चिखलाच्या पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालायचे. या टप्प्याला ‘पोर्टेज’ म्हणतात. त्याची लांबी आजही ‘रॉड’मध्ये मोजतात; एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका होडीएवढे अंतर. काही टप्पे पाच-दहा रॉडचे, काही तीनशे रॉडहून लांब. सामान एका खेपेत जात नसेल, तर एक फेरी भाराने, परतीची रिकामी आणि पुन्हा एक भाराने, म्हणजे एका किलोमीटरच्या वाटेवर तीन किलोमीटर चाल होते. तीही ओल्या पायांनी आणि पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन.

काठाला लागतानाच पाय पाण्यात जातात. पूर्वी या मार्गांवरून कातड्यांचा व्यापार चालत असे. फ्रेंच-कॅनडियन नावाडी बर्च झाडाच्या सालीच्या होड्या चालवत. काठच्या खडकावर घासली तर साल फाटे. म्हणून होडी पाण्यातच थांबवून ते खाली उतरत आणि सुमारे ४१ किलोची एकेक अशी दोन गाठोडी पाठीवर घेऊन चालू लागत. आज सालीच्या जागी केवलारसारखे हलके, मजबूत कृत्रिम धागे आले; तरी पातळ तळाची होडी खडकावर रेटू नये, हा नियम तसाच आहे. त्यामुळे अनुभवी मंडळी घोटाभर किंवा गुडघाभर पाण्यात सरळ पाय टाकतात. पाय कोरडे ठेवण्याच्या नादात निसरड्या दगडांवर उड्या मारणारा नवखाच घोटा मुरगाळून घेतो. आणि जिथे रस्ता नाही, वाहन नाही, तिथे एका माणसाचा घोटा मुरगळला की सगळ्यांची सफर थांबते.

म्हणजे पाय ओले होणार, हे आधीच मान्य करायचे आहे. मग पाण्यात पायाचे नेमके काय होते, ते समजून घ्यायला हवे.

पायाच्या तळव्यावर कातडीचा सर्वात बाहेरचा, मृत पेशींचा थर शरीराच्या इतर भागांपेक्षा बराच जाड असतो. तो पाणी शोषतो, फुगतो आणि मऊ पडतो. बोटांना सुरकुत्या पडतात त्या मात्र केवळ कातडी फुगल्यामुळे नव्हे. मज्जासंस्थेच्या हुकमाने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून त्या पडतात; बोटाची नस तुटली असेल तर ते बोट पाण्यात सुरकुतत नाही, हे डॉक्टरांनी गेल्या शतकातच नोंदवले आहे. थोड्या वेळासाठी हे सारे निरुपद्रवी असते. पण मऊ पडलेली कातडी दमट मोज्यावर अधिक घासते. पाऊल पुढे सरकते, कातडी मागे राहते आणि आतल्या थरांत ताण येऊन फट पडते. तिच्यात द्रव साठला की झाला फोड. कोरड्या पायाला जो जोडा वर्षभर चावला नाही, तो ओल्या पायाला दोन तासांत चावतो, त्याचे कारण हे आहे.

ओलावा दिवसेंदिवस टिकला की मामला फोडांपुरता राहत नाही. पाणी कोमट असेल तर तळवे पांढरेफटक, चरबरीत होतात आणि प्रत्येक पावलागणिक खडे टोचल्यासारखे वाटते. पाय कोरडे ठेवले तर दोन-तीन दिवसांत हे बरे होते. तसे झाले नाही तर पावलाचा वरचा भाग लाल होऊन सुजतो, जांघेत गाठी येतात, तापही येतो. पाणी थंड असेल तर धोका वेगळा आणि अधिक गंभीर. उत्तर मिनेसोटात तळ्यांवरचा बर्फ एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला वितळतो. त्या दिवसांतले पाणी पायांतली उष्णता झपाट्याने ओढून घेते, रक्तवाहिन्या आकसून राहतात आणि नसांना रक्त कमी पडते. पाय गोठत नाही, बर्फदंश होत नाही. तरीही नसांना इजा होते. आधी पाय बधिर होतो. म्हणजे दुखणे थांबते आणि माणसाला वाटते, सवय झाली. ऊब मिळाल्यावर पाय लालबुंद होतो, सुजतो, जळजळतो. काहींना पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, थोड्याशा गारव्यानेही पायात कळा येतात.

वैद्यकाला ही इजा शिकवली ती युद्धांनी. नेपोलियनच्या सैन्याने १८१२मध्ये रशियातून माघार घेतली, तेव्हा त्याचा शल्यचिकित्सक डॉमिनिक लारी याने सैनिकांच्या पायांची ही अवस्था नोंदवली. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलपाण्याने तिला ‘ट्रेंच फूट’ हे नाव मिळवून दिले. १९१४-१५च्या पहिल्याच हिवाळ्यात एकट्या ब्रिटिश सैन्यात असे सुमारे २० हजार रुग्ण झाले. त्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर भारतीय सैनिकही तेच गार पाणी तुडवत होते. पुढे ही संख्या आटोक्यात आली, पण ती कोणत्या उपायांनी, हे पाहण्यासारखे आहे. रोज मोजे बदलणे, पाय पुसून तेल चोळणे, सैनिकांनी जोडीजोडीने एकमेकांचे पाय तपासणे आणि खंदकातल्या पाळ्या बदलत ठेवणे, असे ते उपाय होते. म्हणजे नव्या जोड्यापेक्षा रोजची शिस्त अधिक कामाला आली.

अर्ध्या शतकानंतर व्हिएतनामच्या भातखाचरांत अमेरिकी सैन्याला हाच धडा कोमट पाण्यात पुन्हा शिकावा लागला. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात पायांच्या त्वचारोगांनी तुकड्याच्या तुकड्या निकामी होऊ लागल्या. तिथे वापरलेल्या ‘जंगल बुटां’ना वर कातड्याऐवजी नायलॉनचे जाड कापड होते आणि पाणी निघून जावे म्हणून बाजूला छोटी भोके होती. जोड्याचा विचार ‘पाणी अडवा’कडून ‘पाणी जाऊ द्या’कडे वळला तो असा. पण तेवढ्याने भागले नाही. खाचरांतली मोहीम शक्यतो ४८ तासांपलीकडे न्यायची नाही आणि मग पायांना सुकायला वेळ द्यायचा, हा नियम घालावा लागला. ओल्या पायाला खरे औषध कोरडे तास हेच आहे.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली की सफरीसाठी जोडा निवडणे सोपे होते. पाणी न शिरणाऱ्या पातळ पडद्याचे महागडे गिर्यारोहणाचे बूट इथे सर्वात वाईट ठरतात. घोट्यावरून पाणी आत गेले की ते दिवसभर आतच राहते आणि असा बूट सुकायला दोन दिवसही पुरत नाहीत. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मे महिन्यातल्या थंड, उथळ पाण्यात उपयोगी पडतात, पण पाणी काठावरून आत आले की त्यांची बादली होते. होडी उलटली तर त्यांनी नीट पोहता येत नाही आणि काठावर चढताना ती भरलेली बादली पायाला लटकलेली असते. शिवाय रबराच्या आत घामही साठतो. बाहेरचे पाणी न शिरताही पाय संध्याकाळी ओलाच निघतो.

पट्ट्यांच्या सँडल लवकर सुकतात, पण बोटे उघडी राहतात. गढूळ पाण्यात दगड दिसत नाही, तो अंगठ्यालाच कळतो. पट्ट्याखाली वाळू अडकली की सोललेच. पावलाचा वरचा भाग उन्हाने भाजतो आणि उत्तरेकडच्या जंगलातल्या डासांना नि काळ्या माश्यांना आयते आमंत्रण मिळते. नुसती अंगठ्याची स्लीपर तर चिखलातच राहते. निओप्रीनचे, म्हणजे पाणबुडे वापरतात त्या स्पंजासारख्या रबराचे बूट पाय उबदार ठेवतात, परंतु त्यांचा तळ बहुधा पातळ असतो. ओझे घेऊन दगडांवरून चालण्यासाठी ते नाहीत. गार पाण्याच्या दिवसांत निओप्रीनचे मोजे घालून वर दणकट जोडा, हा मार्ग बरा.

उरतो तो साधाच पर्याय. बोटे झाकणारा, वर जाळीचा किंवा पातळ कापडाचा, पाणी झटकन निथळेल असा, तळ ओल्या दगडावर पकड घेईल इतका चांगला आणि टोकदार खडा आत जाणवणार नाही इतका कडक असा जोडा. घोटा अशक्त असेल किंवा वाटा लांब असतील, तर घोट्यापर्यंतचा. आत सुती मोजा नको. सुती धागा भिजला की चिपाड होतो, पायाला चिकटतो आणि गार पडतो. पातळ लोकरीचा मोजा भिजूनही थोडी हवा धरून ठेवतो, म्हणून ओला असतानाही ऊब देतो. माप घेताना तो मोजा घालून आणि संध्याकाळी घ्यावे; दिवसभराच्या चालीने पाऊल थोडे फुगलेले असते. नाडी गच्च बांधता येईल, पण तिची टोके लोंबणार नाहीत, हेही पाहावे. वाहत्या पाण्यात गुडघ्याच्या वर पाणी असताना उभे राहणे मुळातच धोक्याचे. पाऊल दोन दगडांत अडकले तर प्रवाह माणसाला आडवा करून दाबून धरतो.

जुने जोडे पाण्यासाठी काढावेत, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो बहुतेक वेळा योग्यही असतो. पण एक तपासणी आधी हवी. अनेक जोड्यांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणाने वर्षानुवर्षे त्याचे रासायनिक विघटन होत राहते. जोडा न वापरता कपाटात पडून असला तरी ते थांबत नाही. वरून नवा दिसणारा असा जोडा पहिल्याच चिखलात तळ सोडून देतो. पावसाळ्यात रस्त्यावर सोल हातात घेऊन मोची शोधणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मोची नसलेल्या अरण्यात तो महागात पडतो. म्हणून निघण्याआधी दोन-तीन वेळा जोडा भिजवून, अंगावर ओझे घेऊन चालून पाहावे.

मात्र या सगळ्याहून महत्त्वाचा आहे तो दुसरा जोड. सफरीत एक पादत्राण ओले होण्यासाठी आणि दुसरे काहीही झाले तरी कोरडेच राहण्यासाठी असते. मुक्कामाला पोहोचताच ओला जोडा काढायचा, पाय स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह पुसायचे, वारा लागू द्यायचा आणि मग कोरडे मोजे व हलकी चप्पल. झोपताना घालायचे मोजे पिशवीत बांधून वेगळे ठेवायचे; ते कितीही मोह झाला तरी दिवसा वापरायचे नाहीत. सकाळी तोच ओला, गार जोडा पुन्हा चढवायचा. अंगावर शहारा येतो; पण कोरडा जोड वाचवण्यासाठी तेवढे सोसावे लागते. रात्रीचे आठ-नऊ कोरडे तास मिळाले, तर निरोगी पाय दिवसभराचे भिजणे सहन करतो. बधिर झालेल्या गार पायांना शेकोटीपाशी नेणे किंवा जोराने चोळणे मात्र टाळावे. ज्याला चटका कळत नाही तो पाय भाजतो. हळूहळू ऊब द्यावी आणि पाय उंच ठेवून पडावे. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी तर अशी सफर डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. त्यांना फोड कळत नाही. कळते तेव्हा जखम झालेली असते.

इथवर बोलले गेले ते हौशीने पाणी तुडवणाऱ्यांविषयी. त्यांच्याकडे दोन जोड असतात, लोकरीचे मोजे असतात आणि आठवड्याने घरी परतायचे असते. महाराष्ट्रात याच दिवसांत कोकणापासून भंडारा-गोंदियापर्यंत भातलावणीला उतरणाऱ्या बायामाणसांचे पाय कित्येक आठवडे चिखलात असतात. ‘ट्रेंच फूट’ हे नाव त्यांनी ऐकलेले नसेल; ‘चिखल्या’ हा त्यांच्या घरातला शब्द आहे. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात, झोंबतात, रात्री मेंदी लावून किंवा तेल-हळद चोळून सकाळी पुन्हा त्याच खाचरात उतरावे लागते. त्या अनवाणी उतरतात म्हणून त्यांना अडाणी समजणे चूक आहे. खाचरातला चिखल बूट ओढून धरतो. प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. तिथे गमबूट घालून दिवसभर वाकून लावणी करणे जवळपास अशक्य आहे.

शिवाय मिनेसोटाचे तळे आणि आपले पावसाळी पाणी यांत मोठा फरक आहे. आपल्याकडच्या साचलेल्या पाण्यात उंदीर, गुरे, कुत्री यांचे मूत्र मिसळते आणि त्यातून लेप्टोस्पायरा हा जिवाणू येतो. फाटलेली, सोललेली, पाण्याने मऊ पडलेली कातडी हा त्याचा आत शिरण्याचा मार्ग. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळल्यानंतर मुंबईने लेप्टोची साथ पाहिली. सिंधुदुर्गातल्या भातशेतीलाही हा आजार चांगलाच ठाऊक आहे. म्हणून नालेसफाई करणारे, पुरात उतरणारे, कचरा उचलणारे यांच्यासाठी नियम बदलतो. घाण पाण्यात आधी अडसर हवा, म्हणजे गमबूटच हवा. ‘पाणी जाऊ द्या’ हे तत्त्व स्वच्छ तळ्यासाठी ठीक, गटारासाठी नाही.

पण कोरड्या तासांचे तत्त्व दोन्हीकडे लागू होते आणि नेमके तेच आपल्या खरेदीच्या याद्यांत नसते. गमबुटांचा एक जोड हातात दिला की पायांच्या संरक्षणाची जबाबदारी संपली, असे मानले जाते. तो मापाचा आहे का, बायकांच्या पावलांना बसतो का, आतून ओला झाला तर उद्यासाठी दुसरा आहे का, पाळी संपल्यावर पाय धुवायला स्वच्छ पाणी आणि बूट उलटे टांगायला जागा आहे का, हे प्रश्न विचारले जात नाहीत. ढिला, ओला गमबूट टाच सोलतो आणि मग रोखायच्या जिवाणूला तोच दार उघडून देतो. खाचरात बूट चालत नाही, तर तिथे बांधावर धुवायला चांगले पाणी, दुपारच्या सुटीत पाय कोरडे करण्याइतका वेळ, जखमेवर मलमपट्टी आणि लेप्टोच्या भागात डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक गोळ्या, एवढे तरी करता येते. ताप, पोटऱ्यांत दुखणे, लाल डोळे अशी लक्षणे दिसली तर चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे.

यातले काहीही फार खर्चाचे नाही. हौशी प्रवासी आठवडाभराच्या सफरीसाठी दोन जोड बांधून घेतो, कारण पाय गेला तर प्रवास गेला, हे त्याला ठाऊक असते. ज्यांची रोजची मजुरी पायांवर उभी आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब मुकादमाने, नगरपालिकेने आणि शेतमालकाने करायला हवा. पावसाळ्यापूर्वी गमबुटांची मागणी नोंदवताना प्रत्येक माणसामागे दुसरा जोड आणि कोरड्या मोज्यांची जोडी लिहिली, तरी सुरुवात होईल.